लेण्यातली खातेवही

सुरतेत आयुष्य गेलेल्या मराठी माणसाची एक कायमची अडचण असते. महाराष्ट्रात कुठेही पाहुणे म्हणून गेलो की कुणीतरी विचारतंच, "काय, अजून काही शिल्लक आहे का तुमच्या सुरतेत?" मग हशा. १६६४ची लूट, १६७०ची लूट, आणि त्यापलीकडे या शहराला काही भूतकाळ असेल असं खरं सांगायचं तर मलाही वाटत नसे. आमचं घर मूळचं अमळनेरकडचं. सासरे उधन्याला यंत्रमागावर कामाला आले आणि आम्ही इथलेच झालो. मी रिंग रोडच्या कापडबाजारात खाती लिहिण्यात उमेदीची वर्षं घालवली. इतिहासाशी माझा संबंध मागच्या वर्षीच्या ताळेबंदापुरता.

निवृत्तीनंतर नाशिकला नणंदेकडे मुक्काम झाला. त्रिरश्मी डोंगरावरची बौद्ध लेणी, म्हणजे आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो ती, तेव्हा निवांत पाहिली. पुढे जुन्नरलाही गेलो. पश्चिम किनाऱ्याचा रोमशी व्यापार जोरात होता त्या काळातले हे विहार. भिंतींवरचे लेख एमिल सेनार या फ्रेंच पंडिताने वाचून १९०५-०६च्या एपिग्राफिया इंडिकात छापले. भाच्याने त्यांचा मराठी सारांश काढून हातात ठेवला, म्हणून मी जरा तरी डोळस झाले. त्या फिरण्यातून मनात जे उरलं ते लिहितेय. क्रमांक घातलेत ते सवयीने. नोंदीला क्रमांक नसला की मला चैन पडत नाही.

१. परका माणूस परका दिसेलच असं नाही. रोमन वारसा हे शब्द ऐकून मी शिरस्त्राणं, झगे, निदान एखादं सरळ नाक तरी दिसेल अशा तयारीने चढले होते. सिनेमे फार पाहिलेत, त्याचा परिणाम. सतराव्या लेण्यात ज्याची गाठ पडली तो 'यवन' होता खरा, पण नाव काय, तर इंद्राग्निदत्त. वडील धम्मदेव. मुलगा धम्मरक्षित. गाव उत्तरेकडचं, दत्तामित्री. आधी ग्रीकांना आणि पुढे समुद्रापलीकडून येणाऱ्या पश्चिमेच्या लोकांना सरसकट यवन म्हणत. हा यवन आपल्या आईवडिलांच्या नावे डोंगरात लेणं कोरतो, आत चैत्यगृह आणि पाण्याची टाकी करून देतो आणि सगळं भिक्षुसंघाला देऊन टाकतो. तीन पिढ्यांची नावं इथल्या मातीतली, तरी लेख लिहिणाऱ्याने 'यवन' आणि 'उत्तरेकडचा' ही दोन्ही लेबलं लावलीच. मला ते फार ओळखीचं वाटलं. सुरतेत आम्ही 'मराठी', नाशिकला आल्यावर 'गुजरातवाले'. नातवंडं सुरती बोलीत भांडतात आणि खान्देशी चवीचं मागून खातात. इंद्राग्निदत्ताच्या घरी जेवताना कोणत्या भाषेत कुरकुर होत असेल, याचा विचार करत मी बराच वेळ त्या ओसरीत बसले.

२. विहार वैराग्यावर उभा राहतो, पण चालतो व्याजावर. हे मला दहाव्या लेण्यात कळलं आणि कळल्यावर मला उगाचच स्वतःचा अभिमान वाटला. हे लेणं उषवदाताचं. क्षहरात क्षत्रप नहपान राजाचा हा जावई. लेखातल्या ४२व्या वर्षाच्या वैशाखात त्याने लेणं संघाला दिलं आणि त्यासोबत ३,००० कार्षापणांची कायमची ठेव केली. ठेव कुठे? गोवर्धनात, म्हणजे आजच्या नाशिकजवळच्या गावात राहणाऱ्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या मंडळ्यांकडे. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणं चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. मी तिथेच बोटांवर हिशेब केला. २,०००चे महिन्याला २०, वर्षाचे २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. पै इकडची तिकडे नाही. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदवला, असंही खाली कोरलंय. दोन श्रेणींचे दर वेगळे का, हे लेखात नाही. पण विणकरांचा बाजार मी जवळून पाहिलाय, घासाघीस झालेली असणार. ध्यानाच्या गुहेत शिरले आणि मला माझं ऑफिस सापडलं. शांती वगैरे काही लाभली नाही, समाधान मात्र भरपूर झालं.

३. दगड कोरण्याइतकीच जेवणाची काळजी महत्त्वाची असते, हे दात्यांना ठाऊक होतं. भिक्षू म्हणजे भिक्षापात्र घेऊन दारोदार फिरणारा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण याच उषवदाताने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना एक शेत विकत घेतलं. चारी दिशांनी येऊन आपल्या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या तोंडी त्यातून घास पडावा, एवढ्यासाठी. शक राजाचा जावई, विकणारा ब्राह्मण, खाणारे बौद्ध भिक्षू. आणि वर्षभर एक लाख ब्राह्मणांना जेवू घातल्याची नोंदही त्याच लेखात. पुढे जुन्नरला शिवनेरीच्या कड्यातल्या लेण्यांत आणखी एक यवन भेटला, त्याचं नाव चिट. त्याने संघाला काय दिलं असेल? भोजनमंडप. स्तूप नाही, मूर्ती नाही, जेवायला बसायची जागा. शिवजन्मस्थानाच्या ओढीने माणसं गडावर चढत असतात. कड्याच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका परदेशी माणसाची पंगतीची सोय आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. माझ्याही नव्हतं. 'सुरतनुं जमण' म्हणत मिरवणाऱ्या आम्हा लोकांना वाटतं की जेवू घालण्याची हौस आमचीच. चिटाने ती कधीच कातळात नोंदवून ठेवली होती.

४. आपली नदी दुसऱ्याच्या गावात भेटली की माणूस विरघळतो. दहाव्या लेण्याच्या ओसरीतल्या मोठ्या लेखात उषवदाताने फुकट नावा चालवलेल्या नद्यांची यादी आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दहनुका. तापी! मी भाच्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. नुसत्या नावाच नव्हे, दोन्ही तीरांवर बसायला निवारे आणि पाणपोया. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा. पार, दमणगंगा, डहाणूची खाडी ही यादी मला पाठ आहे, कारण फ्लाइंग रानीने मुंबईला जाताना एकेका पुलाच्या खडखडाटावरून आता काय आलं ते मी डोळे मिटून सांगते. पूल नव्हते तेव्हा याच वाटेने चाललेल्या व्यापाऱ्याला, भिक्षूला, ओझेवाल्याला तापी उतरायला पैसे पडत नव्हते. त्या काळच्या ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शक पुस्तकात भडोचच्या आखाताच्या तोंडाशी कम्मोनी नावाचं गाव येतं. ते तापीकाठचं आपलं कामरेज, असं काही अभ्यासक मानतात. २००३ साली तिथे उत्खननही झालं. कामरेज म्हणजे टोलनाका आणि महामार्गावरची गर्दी, एवढंच मी आजवर समजत आले. ज्या नाक्यावर मी वाहतुकीला शिव्या दिल्या, त्याचं नाव इजिप्तहून निघालेल्या खलाशाला तोंडपाठ असायचं.

५. कोरडेपणाचाही इतिहास ओला असू शकतो. पेरिप्लसमध्ये भडोचला काय खपतं याची यादी आहे आणि तिची सुरुवातच दारूने होते. इटलीची पसंतीची, खालोखाल लाओडिकियाची आणि अरबस्तानची. राजासाठी वेगळी, उंची. मग तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, सोन्याचांदीची नाणी. राजाचं नाव ग्रंथात मंबनोस असं येतं आणि तो उषवदाताचा सासरा नहपानच, असं बहुतेक इतिहासकार धरतात. इटलीची दारू ज्या उंच मातीच्या कुंभांतून यायची, त्यांचे तुकडे आपल्या नेवाशाच्या उत्खननातही मिळाले आहेत. म्हणजे तो माल किनाऱ्यावर न थांबता घाट चढून वर येत होता. हे ऐकून आमचे हे इतके हसले की नणंदबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. गुजरातेत दारूबंदी, आणि नाशिकला द्राक्षांचे मळे आणि वाइनचे कारखाने. शनिवारी-रविवारी सापुताऱ्याचा घाट ओलांडून नाशिककडे धावणाऱ्या सुरती गाड्या काही सगळ्याच त्र्यंबकेश्वरला जात नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वी माल गुजरातच्या किनाऱ्यावर उतरून नाशिककडे येत होता, आता गिऱ्हाईक येतं. आमच्या घरी कुणी थेंबाला शिवत नाही, हे इथे नमूद करून ठेवते. नणंदबाई वाचणार आहेत.

६. ज्याला मी परंपरा म्हणून कवटाळते, ती फार तर चारपाचशे वर्षांची आहे. त्या भोजनमंडपात काय वाढलं जात असेल, ते एकदा घरी करून पाहावं असं माझ्या मनाने घेतलं. मिरची बाद, टोमॅटो बाद, बटाटा, शेंगदाणे, मका, काजू सगळे बाद, कारण ही मंडळी अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या काळात आली. खान्देशी घरात मिरची आणि शेंगदाणे बाजूला ठेवले की उरतं काय? नणंद म्हणाल्या, "वहिनी, मग पाणी तेवढं उकळा." वांगं आपलंच, म्हणून भरीत करायचं ठरलं. पण भिक्षूंना आजारपणावाचून लसूणही वर्ज्य, तेव्हा तोही गेला. शेवटी आलं, मिरी आणि तिळाच्या कुटावर भरीत झालं. सोबत मुगाचं वरण, तांदळाची पेज, ज्वारीची भाकरी, गूळ-तूप. पहिला घास घेऊन हे म्हणाले, "अशा जेवणावर वैराग्य लवकर येत असेल." पण खरं सांगते, तिसऱ्या-चौथ्या घासाला मिरीचा जाळ घशात उतरू लागला आणि वांग्याची स्वतःची चव मला या वयात पहिल्यांदा कळली. जानेवारी असल्यामुळे सुरतेहून पोंक आणला होता, कोवळ्या ज्वारीचा, आणि त्याच्याबरोबर खायची मरीची सेव. ज्वारी, हरभऱ्याचं पीठ, मिरी. आमच्या घरातला तेवढा एकच पदार्थ कसोटीला उतरला. सुरतेचा मान त्या दिवशी पोंकाने राखला.

७. जगाच्या बाजारात जे उलथापालथ करतं, ते आपल्या घरी डब्याच्या तळाशी पडलेलं असतं. भडोचहून जाणाऱ्या मालात हस्तिदंत, अकीक, तऱ्हेतऱ्हेचं सुती कापड आणि लांब मिरी, म्हणजे पिंपळी, होती. पैठणहून भडोचला यायला वीस दिवस लागत आणि तेर त्याच्याही पुढे दहा दिवसांवर. तिथून गाडीवाटेने कापडाच्या गाठी यायच्या, असं पेरिप्लस सांगतो. रोमच्या प्लिनीने तक्रार केली आहे की हिंदुस्थान आपल्याकडून वर्षाला ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. त्यानेच भावही लिहून ठेवलेत. रोमन पौंडाला काळी मिरी ४ दिनार, पिंपळी १५. जवळजवळ चौपट! ही पिंपळी आमच्याकडे बाळाच्या गुटीत उगाळायला आणि खोकल्याला मधातून चाटायला. तिची मुळं, गंठोडे, सुरतेत हिवाळ्यात गुळाच्या राबेत पडतात. शेजारच्या काकी दर थंडीत वाटीभर राब आणून देतात आणि मी ती गरम आहे म्हणून ठेवून देते, मग गार झाली म्हणून ठेवून देते. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, त्यांना दुपारनंतर जेवण नाही, पण आजाऱ्याला तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधं चालत. सकाळच्या पेजेचीही तिथे तोंडभरून स्तुती आहे. काकींच्या राबेत यातल्या तीन गोष्टी सहज निघतील. यंदा मी ती गरम असतानाच प्यायले. उशिरा सुचलं, पण रोमन लोकांच्या मानाने स्वस्तात पडलं.

८. जिंकणाऱ्याने हरलेल्याची वही फाडली नाही, यातच खरी जरब आहे. दहाव्या लेण्यापासून जवळच तिसरं लेणं आहे, गौतमी बलश्रीचं. तिच्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, शक, यवन, पह्लवांचा पाडाव केला आणि क्षहरात वंश निःशेष केला, असं तिने नातवाच्या राजवटीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरवलं. जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. ग्रीक अक्षरं आणि नहपानाचा चेहरा असलेल्या नाण्यावर सरळ नवा छाप. इतका आवेश, पण उषवदाताचं लेणं मात्र जसंच्या तसं. त्याच्या ठेवी, नावा, नारळाची झाडं, सगळं भिंतीवर शाबूत. गौतमीपुत्राने जिंकल्यावर उषवदाताचं २०० निवर्तनं शेत भिक्षूंना दिलं. पुढे कळलं की ते शेत कुणी कसत नाही, गाव ओस पडलंय. तेव्हा त्याने आणि आईने नगराच्या सीमेवरची राजाची १०० निवर्तनं जमीन बदली दिली. आदेश काढून हात झटकले नाहीत, दिलेलं पोचलं का ते पाहिलं. सुरतेहून आम्ही वणी-दिंडोरीवरून आलो. १६७०ला सुरतेहून परतणाऱ्या मराठी फौजेने याच दिंडोरीजवळ मोगलांशी लढाई दिली होती. या रस्त्याने संपत्ती वाहायची सवय जुनीच. त्यातली कातळात टिकली ती तेवढी, जी कुणाच्या तरी पोटासाठी बाजूला काढली होती.

९. बायकांचं नाव शोधायचं असेल तर खोल्या मोजाव्यात. राजेरजवाड्यांच्या मोठ्या लेखांकडे मान वर करून पाहताना मला छोटे लेख दिसतच नव्हते. ते खोल्यांच्या दारांशी असतात. उषवदाताची बायको दखमित्रा, म्हणजे नहपानाची लेक, तिने नवऱ्याच्या लेण्यात स्वतःच्या नावे खोली दिली. वीर नावाच्या व्यापाऱ्याने चार खोल्यांचं लेणं दिलं, त्यात एक खोली बायको नंदसिरीच्या नावे आणि एक मुलगी पुरिसदत्तेच्या. वाटणी लेखी, साक्षीला डोंगर. नंतरच्या आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाची शक बाई येते. तिने कुंभारांच्या, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. सगळी रक्कम एकाच जागी गुंतवली नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. आमच्या बाजारात असली अक्कल असलेली बाई 'भाभी हिशेबाला फार कडक' म्हणून ओळखली जाते आणि तिला बोनस कमी मिळतो. विष्णुदत्तेला निदान भिंत मिळाली. दखमित्रेच्या खोलीत मी वाकून शिरले. आत एक दगडी ओटा आणि अंधार, बाकी काही नाही. गुडघे दुखत होते म्हणून त्या ओट्यावर टेकले आणि वाटलं, दान म्हणजे हेच की, कुणाला तरी पाठ टेकायला जागा.

१०. ज्याला आपण पूर्वीचा विहार म्हणतो, तो कुणासाठी तरी आजचाच असतो. मी सारांशाचा कागद हातात धरून खांब, लेख, ठेवी तपासत होते, तेवढ्यात अठराव्या लेण्यातल्या स्तूपापुढे एक कुटुंब येऊन थांबलं. आजी, मुलगा, सून, दोन पोरं. चपला बाहेर, पांढरे कपडे. आजींनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली आणि पोरं मागून म्हणू लागली. मी कागद घडी घालून पिशवीत टाकला. याच नाशिकला २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, याच जिल्ह्यात येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. ज्यांना मंदिराचं दार उघडलं नाही, त्यांच्या नातवंडांनी हा डोंगर आपला मानला, त्याला 'पूर्वीचा' म्हणणारी मी कोण? पायथ्याशी, फाळके स्मारकाच्या शेजारी, नवा बुद्धविहारही उभा आहे. बाहेर आल्यावर आजींनी पिशवीतून डबा काढला आणि मला विचारलं, "जेवलात का, ताई?" बारा वाजून गेले होते, विनयाच्या नियमात ते बसत नव्हतं. मी पोळी-भाजी घेतली. भाजीत मिरची सढळ होती. चारी दिशांनी येणाऱ्यांसाठी जेवण, असं दहाव्या लेण्यात कोरलेलं मी सकाळी वाचलं होतं. ते दुपारी माझ्या हातावर पडलं.

या नोंदींवरून कुणी फार इतिहास शिकावा असं मला वाटत नाही. माझ्याजागी डॉक्टर असता तर त्याला विष्णुदत्तेचं औषध दिसलं असतं, नावाडी असता तर त्याने तापीवरच्या नावा धरल्या असत्या. मला व्याज दिसलं. तुम्हाला तुमचं काही दिसेल. सुरतकरांना मात्र एक सांगते: घाट ओलांडून नाशिकला जालच, तर एक सकाळ या डोंगरासाठी राखून ठेवा, आणि परतताना कामरेजला टोल भरताना वैतागू नका, उषवदाताच्या काळात फुकट होतं एवढं मनात म्हणा. आणि दहाव्या लेण्यातला हिशेब स्वतः करून पाहा. मी तपासलाय, बरोबर आहे. तुमचा जुळला नाही, तर चूक तुमची.